साशिमी आणि सुशी: पहिल्या घासापासून घरच्या ताटापर्यंत

बांगडा, सुरमई, तिसऱ्या खात लहानाचा मोठा झालेला माणूससुद्धा कच्च्या माशापुढे बिचकतो. आपल्याकडे मासा घरी आला की त्याला मीठ, हळद, आगळ लागतं आणि मग तो तव्यावर तरी जातो नाहीतर कालवणात तरी. त्यामुळे साशिमीची ताटली पुढ्यात आली की स्वयंपाक अजून व्हायचाच आहे असं वाटत राहतं. खरं तर त्या तुकड्यावरचं बहुतेक काम आपण दुकानात शिरायच्या कितीतरी आधी उरकलेलं असतं. ते काम कळलं की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी क्रमाने खाल्लं की जाते.

नोकरीसाठी टोकियोच्या निशी-कासाईत राहायला गेलेले, शिकायला ओसाका-क्योटोला गेलेले, आठ-दहा दिवसांच्या सहलीला निघालेले अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. ‘कच्चा मासा आपल्याला जमत नाही’ असं सांगणाऱ्या पुष्कळांशी बोलून माझं एक ठाम मत झालं आहे. त्यातल्या बहुतेकांनी भलत्या ठिकाणी, भलत्या तुकड्याने सुरुवात केलेली असते.

आधी चार नावं ओळखीची करून घेऊ. साशिमी म्हणजे नुसते कापलेले मासे, सोबत भात नाही. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ कालवलेला भात, आणि त्याच्यासोबत मासा, अंडं किंवा भाजी. भाताच्या छोट्या मुटक्यावर तुकडा बसवला की निगिरी, नोरी नावाच्या समुद्री शेवाळाच्या पातळ कागदात गुंडाळलं की माकी, मुटक्याभोवती नोरीची उभी पट्टी लावून वर सैल जिन्नस भरला की गुंकान. वाडगाभर भातावर मासे पसरले की काइसेनदोन. सगळी सुशी कच्ची असते हाही गैरसमज आहे. उकडलेली कोळंबी, शिजवून मऊ केलेला आनागो हा समुद्री वाम, गोडसर अंड्याची तामागो हे सुशीच्या दुकानातले नेहमीचे पदार्थ आहेत.

ताटात येण्याआधी काय घडतं

साशिमीसाठीचा उत्तम मासा इकेजिमे पद्धतीने मारतात. मेंदूत टोकदार सळई खुपसून क्षणात जीव घेतात, कल्ल्यापाशी आणि शेपटीपाशी कापून रक्त काढून टाकतात. काही कोळी कण्यातून बारीक तार घालून मज्जारज्जूही निकामी करतात. मासा तडफडत मेला की त्याच्या स्नायूंतली ऊर्जा, म्हणजे एटीपी, खर्ची पडते आणि मांस लवकर सैल होतं. झटक्यात मारलेल्या माशात ती शिल्लक राहते. पुढच्या काही तासांत, दिवसांत त्याच एटीपीचं विघटन होत होत इनोसिनिक आम्ल तयार होतं आणि माशाला जी भरीव, तोंडात रेंगाळणारी चव येते ती बरीचशी त्यामुळेच. म्हणून नुकताच मारलेला ताई हा लालसर समुद्री मासा दाताखाली करकरीत लागतो, पण चवीला फिका असतो. एक-दोन दिवस नीट थंडाव्यात ठेवला की तो मऊ पडतो आणि बोलू लागतो. मोठ्या ट्यूनाला याहूनही जास्त दिवस मुरवतात. जितका ताजा तितका चविष्ट, हे आपलं बाजारातलं गणित इथे बाजूला ठेवावं लागतं.

इतिहासातही हेच दिसतं. निगिरी लोकप्रिय झाली ती १८२० च्या दशकातल्या एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत. तिचं श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला दिलं जातं. त्या काळी ती रस्त्यावरच्या टपरीवर उभ्या उभ्या खायची वस्तू होती. शीतपेट्या नव्हत्या, त्यामुळे टोकियोच्या उपसागरातला मासा टिकवण्यासाठी प्रत्येकाला वेगळा उपाय केला जाई. कोहादा या चंदेरी छोट्या माशाला मीठ आणि व्हिनेगर, ट्यूनाला सोया सॉसमध्ये मुरवण, आनागोला उकळी. आज फ्रीज आले तरी चांगला सुशी-कारागीर हे संस्कार सोडत नाही, कारण तेव्हा टिकवण्यासाठी केलेली गोष्ट आता चवीसाठी हवी असते.

मला यातला सगळ्यात सुंदर वाटतो तो तोयामा भागातला कोबुजिमे. होक्काइडोहून कितामाएबुने नावाची व्यापारी जहाजं कोंबू हे जाड समुद्री शेवाळ घेऊन या किनाऱ्याला लागत. तिथल्या लोकांनी पांढऱ्या माशाचे काप कोंबूच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून ठेवायला सुरुवात केली. कोंबू माशातलं पाणी ओढून घेतो आणि आपली चव त्याला देतो. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. माशातलं इनोसिनिक आम्ल आणि कोंबूतलं ग्लुटामेट एकत्र आलं की चव नुसती दुप्पट होत नाही, त्याच्या कितीतरी पुढे जाते. कोबुजिमे मिळाला तर सोयात न बुडवता खा.

सुरुवात कशाने करावी

पहिला घास कात्सुओनो ताताकीचा असावा. कात्सुओ हा ट्यूनाच्याच कुळातला मासा. शिकोकू बेटावरच्या कोची भागात त्याचा मोठा तुकडा भाताच्या पेंढ्याच्या भडकत्या जाळावर धरतात. बाहेरची जेमतेम कडा भाजली जाते, आत मासा लालभडक कच्चाच राहतो. मग जाड काप करून त्यावर मीठ किंवा आंबटसर सोया, कच्च्या लसणाच्या चकत्या आणि कांद्याची पात घालतात. धुराचा वास आणि लसूण आपल्या जिभेला ओळखीचे, त्यामुळे कच्चेपणाशी पहिली गाठ आधारासह पडते.

त्यानंतर ट्यूनाचा लाल भाग, आकामी. शक्यतो झुके, म्हणजे सोयात थोडा वेळ मुरवलेला घ्या. त्याला उग्र वास जवळजवळ नसतोच. मग सॅमन. सॅमनची गंमत अशी की ही जुनी जपानी सवय नाही. पॅसिफिकमधल्या रानटी सॅमनमध्ये परजीवी असत, म्हणून जपानी लोक तो भाजून खात. होक्काइडोतले ऐनू लोक कच्चा खात, पण गोठवून, काप करून. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला सॅमन कच्चा खाण्यासाठी जपानमध्ये नेटाने खपवायला घेतला, आणि आज फिरत्या पट्ट्याच्या दुकानांत तो सर्वात लाडक्या माशांपैकी एक आहे. चरबीमुळे तो मऊ आणि गोडसर लागतो, नवख्याला सहज जातो.

गोड चवीचा धागा पुढे न्यायचा असेल तर होताते हा मोठा शिंपला आणि आमाएबी ही छोटी गोड कोळंबी घ्या. इथपर्यंत निभावलं की ताई, हिरामे असे पांढरे मासे. त्यांची चव इतकी हलकी असते की पहिल्याच दिवशी खाल्ले तर ‘याला चवच नाही’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. मिरची, कोकम, तिरफळ, खोबरं यांच्या गजरात मासा चाखायची सवय असलेल्या जिभेला थोडा अवधी द्यावा लागतो.

शिमेसाबा, कोहादा, समुद्री साळूचे उनी, ताको म्हणजे ऑक्टोपस, इका म्हणजे माकूळ हे नंतरसाठी राखून ठेवा. साबा हा आपल्या बांगड्याचाच नातलग. मीठ-व्हिनेगरात मुरवलेला शिमेसाबा मला फार प्रिय आहे, पण त्याचा वास पहिल्या दिवशी अंगावर येतो. उनीच्या बाबतीत तर स्वस्तातला चाखूच नये. हलक्या प्रतीच्या उनीला कडवट, औषधी वास येतो आणि माणूस आयुष्यभरासाठी दुरावतो.

कुठे बसावं

पहिल्यांदा सरळ काइतेन-झुशीत जा. फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचं पहिलं दुकान योशिआकी शिराइशी यांनी १९५८ मध्ये ओसाकाजवळ उघडलं. आता सुशिरो, कुरा, हामाझुशी अशा साखळ्यांमध्ये बहुतेक मागणी टॅबलेटवरून होते आणि ताटली थेट तुमच्यापाशी येऊन थांबते. दाराशी यंत्रावर माणसांची संख्या टाकली की क्रमांकाची चिठ्ठी मिळते. टेबलावर हिरव्या चहाची पूड असते. चमचाभर पूड कपात घालून टेबलाच्या कडेच्या नळातून पाणी घ्या. ते कढत असतं, हात धुवायला वापरू नका, आणि मुलं सोबत असतील तर त्यांना त्या बाजूला बसवू नका. सर्वात स्वस्त ताटली साधारण १२० ते १५० येनची, तिच्यात बहुधा दोन तुकडे. एखादा मासा पसंत पडला नाही तरी नुकसान थोडं, आणि हीच या जागेची मोठी सोय. अनेक साखळ्यांत सुशीत वासाबी हा झणझणीत हिरवा गोळा घातलेलाच नसतो, तो टेबलावर वेगळा ठेवतात. इतर ठिकाणी नको असेल तर ‘साबिनुकी’ म्हणावं.

सोबत शाकाहारी मंडळी असतील तरी अडत नाही. काकडीची काप्पामाकी, लोणच्याची ओशिंकोमाकी, आंबवलेल्या सोयाबीनची नात्तोमाकी मिळते. मात्र तळलेल्या तोफूची इनारी, दुध्यासारख्या भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्यांची काम्प्यो आणि अंड्याची तामागो हे बहुधा दाशी नावाच्या पातळ सारात शिजवतात, आणि दाशीत सुकवलेला कात्सुओ असतो. कडक शाकाहारी असणाऱ्यांनी आधी विचारावं.

पुढचा टप्पा म्हणजे स्टेशनजवळचं किंवा वस्तीतलं लहानसं सुशी-दुकान, आणि तेही दुपारी. दुपारचे ठरावीक संच रात्रीपेक्षा बरेच स्वस्त पडतात. यादीवर नामी, जो, तोकुजो अशा चढत्या पायऱ्या असतात. मधला ‘जो’ संच घ्यावा. वेगवेगळे सात-आठ तुकडे एकाच ताटात येतात आणि काय आवडतं ते आपोआप उमगतं. काही कळेनासं झालं तर ‘ओसुसुमे वा नान देसु का?’ असं विचारा, म्हणजे आज काय चांगलं आहे. हा प्रश्न मासा विकणाऱ्या माणसाला जगात कुठेही आवडतो.

बाजाराच्या ओढीने पुष्कळजण भल्या पहाटे उठतात. टोकियोतला त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला, जुन्या जागी बाहेरची किरकोळ दुकानं आणि खानावळी तेवढ्या राहिल्या आहेत. बाजार म्हणून तोयोसू जरूर पाहा, पण रविवारी आणि बऱ्याच बुधवारी तो बंद असतो, तेव्हा दिवस तपासून निघा. तिथल्या नावाजलेल्या दुकानासमोर तासन् तास रांगेत उभं राहण्यात मला अर्थ वाटत नाही. टोकियोतली वस्तीतली दुकानंही त्याच बाजारातून माल उचलतात. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या वर्षातल्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक निळा ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनना गेला. असा भाव म्हणजे नववर्षाची जाहिरात. तुमच्या ताटातल्या चवीशी त्याचा फारसा संबंध नसतो.

काउंटरवरची ओमाकासे बैठक, म्हणजे काय वाढायचं ते सर्वस्वी कारागिरावर सोपवणं, हे सगळ्यात शेवटी करा. वेळेवर पोहोचा, अत्तर लावून जाऊ नका, काय खात नाही ते आरक्षण करतानाच सांगा. फोटो काढण्याआधी विचारा, आणि तुकडा समोर आला की लगेच खा. भात अंगाच्या उबेइतका कोमट असताना आणि वरचा मासा गार असताना जी मजा आहे ती दोन मिनिटांत निघून जाते. इतके पैसे खर्चून ती फोटोपायी घालवू नये.

घास कसा घ्यावा

निगिरी हाताने खाल्ली तर चालते, चॉपस्टिक्सनेही चालते. ती किंचित आडवी करून उचला आणि माशाची कड सोयाला टेकवा. भात सोयात बुडवला की तो सुटतो, खारट होतो, आणि मुरवणीत घेतलेले सगळे कष्ट त्यात बुडतात. घास एकदाच, अख्खा. अर्धा तोडून उरलेला परत ताटलीत ठेवायचा नसतो. मोठा वाटत असेल तर कारागिराला भात कमी घ्यायला सांगता येतं. गुंकान उलटी करता येत नाही, म्हणून आल्याच्या लोणच्याची, म्हणजे गारीची, एक चकती सोयात बुडवून तिने वरून दोन थेंब लावावेत. गारीचं खरं काम दोन माशांच्या मध्ये तोंड साफ करणं. ती सुशीवर ठेवून खाल्ली तर नुसतं आलंच लागतं. काउंटरवर माशावर आधीच पातळ सोया फासलेला असेल, किंवा आनागोवर गोडसर घट्ट रस असेल, तर काहीच लावायचं नाही.

वासाबीने पुष्कळांची पहिली फसगत होते, कारण तो चटणीसारखा घसघशीत घेतला जातो. आपण लोणच्यासाठी मोहरी फेसतो तेव्हा नाकात जो ठसका चढतो तोच हा, आणि तो येतो एकाच द्रव्यामुळे. पेशी चिरडल्या की ते द्रव्य तयार होतं आणि थोड्या वेळात उडून जातं. त्यामुळे अस्सल वासाबी खाण्याच्या आयत्या वेळी, शार्कच्या खरबरीत कातड्याच्या किसणीवर गोल गोल घासतात. तो शिझुओकातल्या इझूमध्ये आणि नागानोतल्या आझुमिनोमध्ये वाहत्या थंड पाण्यात वाढतो आणि महाग असतो. स्वस्त दुकानांतला हिरवा गोळा बहुतेक वेळा रंगवलेल्या पाश्चात्य हॉर्सरॅडिशचा असतो. तो वाईट नाही, पण अस्सलाला जो गोडवा असतो तो त्यात नाही. साशिमी खाताना वासाबी सोयात कालवण्यापेक्षा माशावर कणभर ठेवा आणि दुसरी बाजू सोयाला लावा. तोरोवर, म्हणजे ट्यूनाच्या चरबीदार भागावर, जास्त लागतो, कारण चरबी ठसका गिळून टाकते. पांढऱ्या माशावर अगदी थोडा.

पहिला तुकडा मात्र काही न लावता खाऊन पाहा. सावकाश चावा. माशाची चव चावल्यावर सुटते, जिभेवर ठेवून नाही.

साशिमीखालचा मुळ्याचा बारीक कीस आणि शिसोचं पान फेकायची सजावट नाही. ते खायचं असतं, दोन माशांमध्ये तोंडात घातलं की ताजंतवानं वाटतं. प्लॅस्टिकचं हिरवं गवत असेल तर ते तेवढं सोडा. चॉपस्टिक्स भातात उभ्या रोवू नका आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नका, दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

क्रम आणि ऋतू

एका बैठकीत खाताना हलक्याकडून जड चवीकडे जायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आधी ताई, हिरामे, इका. मग आजी, साबा, कोहादा हे चमकत्या पाठीचे मासे. मग ट्यूनाचा आकामी, त्यानंतर चरबी वाढत जाणारे चुतोरो आणि ओतोरो. मग उनी आणि इकुरा ही सॅमनची अंडी. शेवटी आनागो, तामागो, एखादी माकी. कुणी दंड करत नाही, पण ओतोरोने सुरुवात केली तर पुढचे पांढरे मासे पाण्यासारखे लागतात. तोरोची आज जी चंगळ चालते तीही अलीकडची. दुसऱ्या महायुद्धाआधी ट्यूनाच्या या चरबीला फारसा भाव नव्हता. मला विचाराल तर चांगला आकामी मिळत असताना रोज ओतोरोमागे धावायचं कारण नाही.

ऋतू पाळला तर कमी पैशांत जास्त चांगलं मिळतं. कुरोशियो या समुद्री प्रवाहासोबत उत्तरेला निघालेला कात्सुओ वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी येतो, त्याला हात्सुगात्सुओ म्हणतात. तो सडसडीत, लोहाच्या चवीचा. शरदात परत फिरणारा मोदोरिगात्सुओ चरबीने भरलेला. एकाच माशाचे हे दोन अवतार जरूर खाऊन पाहा. उन्हाळ्यात आजी, आणि होक्काइडोला गेलात तर उनी. शरदात सान्मा. हिवाळ्यात तोयामातल्या हिमीची बुरी, जिच्या कापावर सोया नीट चिकटतसुद्धा नाही इतकी चरबी. क्यूशूला गेलात तर सोया गोड आणि दाट लागेल, चकित होऊ नका. तिथल्या माशांना तो शोभतो.

जिवाला जपून

इथे मात्र धीटपणा नको. अनिसाकिस हा दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा पांढरा, दोऱ्यासारखा जंत साबा, आजी, सान्मा, कात्सुओ, इका, रानटी सॅमन अशांमध्ये आढळतो. मासा मेल्यावर तो आतड्यांतून मांसात शिरू शकतो, म्हणून पोट लवकर साफ करणं महत्त्वाचं. व्हिनेगर, मीठ, वासाबी, सोया यांनी तो मरत नाही. उणे २० अंशांवर निदान २४ तास गोठवलं किंवा ७० अंशांच्या वर शिजवलं की मरतो. खाल्ल्यानंतर काही तासांत पोटात असह्य कळा आल्या तर घरगुती उपाय करत बसू नका. दवाखान्यात जा आणि कच्चा मासा खाल्ल्याचं आधी सांगा. दुर्बिणीतून जंत काढला की बहुतेकांना चटकन आराम पडतो. उणे ६० अंशांवर गोठवून आणलेला ट्यूना आणि कोरड्या खाद्यावर वाढवलेला शेतीतला सॅमन या बाबतीत बरेच निर्धोक असतात. नवख्याला ते लवकर सुचवण्याचं हेही एक कारण.

दुसरा धोका हिस्टामिन या ॲलर्जीसारखा त्रास देणाऱ्या द्रव्याचा. ट्यूना, साबा, तारलीसारखे मासे उबेत राहिले की ते तयार होतं आणि शिजवूनही जात नाही. जिभेला चुणचुण लागली तर घास थुंका. तिसरा धोका उन्हाळ्यात फोफावणाऱ्या समुद्री जिवाणूंचा. त्यांना गोडं पाणी आणि थंडावा सोसत नाही. पण म्हणून नदी-तलावातला मासा निर्धोक ठरत नाही, तो कच्चा खाऊच नये. फुगूसारखा विषारी मासा परवानाधारक दुकानाबाहेर चाखू नका.

गरोदर स्त्रिया, लहान मुलं, फार वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चं टाळावं. निळा ट्यूना, मोठ्या डोळ्यांचा ट्यूना, तलवार मासा यांतल्या पाऱ्यामुळे जपानचं आरोग्य मंत्रालयही गरोदर स्त्रियांना प्रमाण आखून देतं. त्यांच्यासाठी आनागो, तामागो, उकडलेली कोळंबी आहेच.

आणि भारतात असाल तर एक विनंती आहे. ससून डॉकवर कितीही फडफडीत सुरमई, कुपा किंवा बांगडा मिळाला तरी तो घरी कच्चा खाऊ नका. लाल कल्ले आणि टपोरे डोळे पाहून मासा पारखण्याची आपल्या कोळणींची आणि गृहिणींची नजर अस्सल आहे, पण ती शिजवण्याच्या माशासाठीची आहे. कच्च्यासाठी होडीवरच्या मारण्यापासून, पोट साफ करण्यापासून, अखंड थंडाव्यापासून सुरुवात व्हावी लागते आणि ती साखळी डोळ्यांनी दिसत नाही. खाडीतली कालवं आणि तळ्यातले रोहू-कटला यांचा तर विचारही नको. मुंबई-पुण्यात खायचंच असेल तर मासा गोठवून कुठून येतो, किती थंडाव्यात ठेवतात, हे विचारायला लाजू नका. उत्तर नीट आलं नाही तर काकडीची माकी मागवा.

घरी करताना

जपानमध्ये राहणाऱ्यांसाठी सुपरमार्केट हा खजिना आहे. पाकिटावर ‘साशिमीयो’ किंवा ‘सेइशोकुयो’ असं असेल तरच कच्चं खायचं. ‘कानेत्सुयो’ म्हणजे शिजवण्यासाठी. कालवांच्या बाबतीत हा फरक विशेष पाळा. रानटी मासा ‘तेन्नेन’, शेतीतला ‘योशोकू’, गोठवून वितळवलेला ‘काइतो’. ही चिन्हं ओळखता येईनात तर मोबाइलच्या भाषांतराला दाखवा. ट्रेच्या तळाशी लाल पाणी साचलेलं पाकीट सोडा. संध्याकाळी उशिरा निम्म्या किमतीची चिठ्ठी लागते. ती पाकिटं त्याच रात्री खायची असतील तरच घ्या. निघताना पिशव्या भरायच्या टेबलापाशी फुकट बर्फ ठेवलेला असतो, उन्हाळ्यात तो घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

कापलेल्या साशिमीपेक्षा साकू, म्हणजे आयताकृती ठोकळा, घेणं मला आवडतं. स्वस्त पडतो आणि कापायची सवय लागते. गोठलेला ट्यूना असेल तर एक लिटर ४० अंशांच्या कोमट पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दोन-तीन मिनिटं बुडवा, चटकन धुऊन कोरडा करा, कागदी रुमालात गुंडाळून अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. उघड्यावर ओट्यावर वितळवला तर रक्ताळ पाणी सुटतं आणि रंग काळपट होतो. घरच्या फ्रीझरमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवला तरी तो तपकिरी पडतो. पांढऱ्या माशावर किंचित मीठ भुरभुरून दहा मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी टिपून घ्या, हिवस वास त्याबरोबर निघून जातो.

कापायला लांब, पातळ, खरोखर धारदार सुरी हवी. जपानी यानागिबा असेल तर उत्तम. मुठीकडच्या टोकापासून अग्रापर्यंत एकाच ओढीत स्वतःकडे ओढा, करवतीसारखं मागेपुढे करू नका, वरून दाबू नका. मांसातल्या पांढऱ्या रेषांना आडवं कापलं की तुकडा मऊ लागतो. ट्यूना, सॅमन सात ते दहा मिलिमीटर जाड. ताई, हिरामे सुरी तिरपी धरून दोन-तीन मिलिमीटर.

भातासाठी ३०० ग्रॅम जपानी तांदळाला चार मोठे चमचे तांदळाचं व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, एक लहान चमचा मीठ. भात गरम असतानाच हे शिंपडा, उलथन्याने कापल्यासारखं कालवा आणि वारा घालून कोमट करा. देशात असाल तर इंद्रायणीचा चिकटपणा कामाला येतो. हा भात फ्रीजमध्ये ठेवू नका, टणक होतो. घरी निगिरी वळायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. तेमाकी करा: टेबलावर नोरीचे चौकोन, भात, माशाच्या पट्ट्या, काकडी, शिसो, अंडं मांडून ठेवा आणि ज्याने त्याने आपला शंकू वळून लगेच खावा. शाकाहारी-मांसाहारी एकाच टेबलावर बसतात आणि मुलांनाही काम मिळतं.

ट्यूना किंवा ताईचे काही काप उरले आणि पाकिटावरची मुदत दुसऱ्या दिवसाची असेल, तर सोया आणि उकळून घेतलेली मिरिन, म्हणजे स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू, दोनास एक या प्रमाणात घेऊन त्यात बुडवून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गरम भातावर ते काप, वर भाजलेले तीळ, नोरीचे तुकडे, कणभर वासाबी, आणि वाडग्याच्या कडेने कढत हिरवा चहा किंवा दाशी ओता. कडा पांढऱ्या होत जातात, मधला भाग कच्चाच राहतो. त्याला ओचाझुके म्हणतात. मुदत त्याच दिवशी संपत असेल तर मात्र उरलेले काप रात्रीच तव्यावर टाका.